मोसंबीचं विरजण

"कुणाला खरं वाटणार न्हाई, लावा पैज," असं म्हटल्याशिवाय संपतनं आजवर एकही गोष्ट सुरू केली नव्हती. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर ही पैज रोज लागायची आणि रोज तोच जिंकायचा, कारण खरंच कुणाला खरं वाटायचं नाही. पण त्या सकाळी आपल्या चौकीदारीतल्या शेडचं शटर वर सारून रोजच्यासारखा तो निळ्या ड्रमला कान लावून वाकला, तेव्हा हेच वाक्य आतून दुसऱ्याच कुणीतरी म्हटल्यासारखं त्याला ऐकू आलं. ड्रम गप्प होता. एरवी कान लावला की आत लग्नघरचा स्वयंपाक चालल्यासारखी बुडबुड ऐकू यायची, आणि ती ऐकून झाल्यावरच म्हाताऱ्याला आपला दिवस उजाडल्यासारखा वाटायचा. आज कानाला नुसता प्लास्टिकचा गारवा. कोपऱ्यातला हवेचा पंप घुमत होता, पण त्याची नळी ड्रममध्ये असायच्या ऐवजी फरशीवर पडून धुळीला फुंकर घालत होती. ड्रमच्या तोंडावर पांढरं फडकं ताणून बांधलेलं. सुतळीचे वेढे, वर उलटी गाठ, गाठीची शेपटी आत खोचलेली. ती गाठ संपतनं लगेच ओळखली. लोणच्याच्या बरणीला अशी गाठ त्याच्या माहितीत एकच बाई मारायची, आणि ती, त्याची बायको चांगुणाबाई, या क्षणी शेडमागच्या खोलीत चहाचं आधण ठेवून काहीतरी गुणगुणत होती.

गाठ सोडायला त्याला फार वेळ लागला. फडकं उचललं तेव्हा जो वास आला तो या शेडचा नव्हताच, तो उन्हाळ्यातल्या दुपारचा होता, अंगणात पसरलेल्या कैरीच्या फोडींचा, हळदीचा आणि मिठाचा. आतल्या पाण्यावर पिवळा तवंग होता. काठाला मिठाचे खडे चिकटलेले. त्यानं करंगळी बुडवून जिभेला लावली आणि जीभ तशीच तोंडाबाहेर ठेवून उभा राहिला, आत घ्यायचं सुचलंच नाही. मग नळी धुतली, पुन्हा ड्रममध्ये सोडली. बुडबुडे आले. पण ते नळीचे बुडबुडे होते, ड्रमचे नव्हते. फेस धरत नव्हता. वर येत होते आणि फुटत होते, फुटले की काही नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडात कुणी वारा घालावा तसं. हळद जखमेत कशासाठी भरतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. जे सडवतं ते मारायलाच तर भरतात. आणि या ड्रमात जे होतं ते सगळं सडवणारंच होतं, त्याच्याच भरवशावर तर हे सगळं चाललं होतं.

ड्रमात काय आहे हे त्यानं टपरीवर सांगितलं होतं तेव्हा लोक नेहमीसारखेच हसले होते, आणि त्यात पदरचं काहीच घातलेलं नव्हतं हे त्याचं तेव्हाचं मोठं दुःख होतं. "मोसंबी लोखंड खाती," तो म्हणाला होता. "गळून पडलेली मोसंबी, जी बागवान उकिरड्यावर टाकतो ती. तिचा रस काढायचा, त्याच्यात डोळ्याला दिसत न्हाईत असे जीव सोडायचे, त्यांना वारा द्यायचा. ते गोड खात्यात आन् आंबट सोडत्यात. त्या आंबटात चुंबकाचा चुरा टाकला की चुंबक इरघळतंय." टपरीवाला म्हणाला, "मंग मोसंबी खाणाऱ्या माणसाच्या पोटात खिळे टाकले तर?" आणि सगळे खो खो करून हसले होते. त्याची नात प्रीती, त्याच्या मुलाची, राजानंदची मुलगी, हे सांगायची तेव्हा कुणी हसत नसे. तिच्याकडं पदवी होती, पांढरा कोट होता. ती सांगायची, "आबा, मोटारीत, स्पीकरमध्ये, संगणकात जी छोटी चुंबकं असतात ना, त्यांच्यातला धातू काढायला बाहेर देशात डोंगरच्या डोंगर रसायनांनी धुऊन काढतात. खालची तळी अशी होतात की जनावर तोंड लावत नाही. आणि आपल्या जालन्यात तीच चुंबकं भंगारातून फुकट येऊन पडतात, आपण ती लोखंडाबरोबर भट्टीत घालतो आणि तो धातू स्लॅगमध्ये, भट्टीच्या मळीत, घालवतो. आपली खाण इथंच आहे, भंगाराच्या ढिगात. तिला तेजाब नको, मोसंबी पुरे." शेवटी त्या आंबट पाण्यातून जी पूड खाली बसायची ती उन्हात जांभळट दिसायची आणि ट्यूबलाइटखाली नेली की निळसर. आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाला ती पूड पहिल्यांदा बघताना आपल्यालाच कुणीतरी थाप मारतंय असं वाटलं होतं. तो कितीतरी वेळ ती बशी घेऊन दारात आणि आत, दारात आणि आत करत राहिला होता.

आणि हा निळा ड्रम म्हणजे बाकीच्या सगळ्या ड्रमांची आई. प्रीती इंग्रजीत काहीतरी म्हणायची, चांगुणाबाईनं एकदाच वास घेतला आणि म्हणाली, "विरजण हाय हे." तेच नाव पडलं. पुण्याच्या प्रयोगशाळेत फ्रिजमध्ये एक कुपी होती, पण ती साध्या जीवांची. जालन्याची मोसंबी आणि चुंबकाचा चुरा, दोन्ही पचवायला शिकलेले जीव या एका ड्रमात होते, आणि त्यांना शिकवता शिकवता प्रीतीचे ऐन लग्नाचे दिवस निघून गेले होते. आज दुपारच्या आत पुण्याच्या मॅडम तो जिवंत ड्रम बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर मोठा कारखाना, नाही पटलं तर शेडचा मालक सोमेश्वर इथं प्लास्टिकचे दाणे बनवणाऱ्याला आणून बसवणार होता; तसं त्यानं हसत हसत, पण दोनदा सांगून ठेवलं होतं. प्रीती त्यांना आणायलाच काल संभाजीनगरला गेली होती. आणि काल संध्याकाळी शेडची किल्ली कुलपालाच लटकत ठेवून संपत टपरीवर मोसंबीची गोष्ट सांगत बसला होता.

तो खोलीत गेला. चांगुणाबाई चहा गाळत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं पेरापर्यंत पिवळी होती, नखांच्या कडा जास्तच. त्यानं फडकं खिशात कोंबलं होतं, आणि खिसा आपल्या मांडीला भाजतोय असं त्याला वाटत होतं.

"चांगुणे, काल सांजच्याला तू शेडमधी गेल्तीस का गं?"

"कोणत्या शेडमधी?" ती म्हणाली. कप पुढं केला. डोळे स्वच्छ, पाण्यासारखे, तळाला काही नसलेले. "चहा पेऊन घ्या जल्दी, निवून राह्यला."

त्यानं घोट घेतला. चहात साखर बराबर होती. तेवढ्यानंही त्याला रडू येईल असं वाटलं, कारण मागच्या वेळेला मीठ होतं. तो राजानंदचा हेडमास्तर आला होता तेव्हा. हेडमास्तरानं तोंड वाकडं केलं तसं संपतनं लगेच पैज लावली होती, की शहागडला गोदावरीच्या काठावर पहिल्यांदा घरी आलेल्या पाहुण्याला मिठाचाच चहा देतात, नदीला मीठ नाही म्हणून माणसानं ते द्यायचं, आणि न पिणाऱ्याला मगर ओळखून ठेवते. हेडमास्तर सगळा कप प्यायला. राजानंद मात्र भिंतीकडं बघत राहिला होता. गेल्या साली चांगुणाबाई भाजीला म्हणून गेली आणि पिठाच्या गिरणीसमोर उभी राहिली, कशाला आलो ते आठवेना. संपतनं तिथंही गोष्ट लावून दिली. प्रीतीला ती कधी कधी आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारते. त्याला तर संपतनं पुरं पुराण रचलं होतं. प्रत्येक भोकाला ठिगळ. त्याला स्वतःला वाटायचं की आपली जन्मभराची थापेबाजी बहुतेक या एका कामासाठीच शिकवून ठेवली होती कुणीतरी. आणि राजानंद, जो धावड्याला मास्तर होता आणि पोरांना खरं बोलायला शिकवायचा, गेल्या खेपेला जाताना दाराशी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला होता, "आबा, आता एकदा काही झालं की मायला मी नेणार. तुम्ही झाकता. तुमच्याजवळ राह्यली तर डॉक्टरला खरं कधी कळणारच न्हाई." मान वर न करता म्हणाला होता. आणि प्रीतीनं बापाला शब्द दिला होता की यापुढं काहीही झालं तर ती कळवेल. म्हणजे चांगुणाबाईची ही पिवळी बोटं आणि हे फडकं, एवढंच पुरे होतं. दुपारी गाडी, संध्याकाळी धावडा. या खोलीत मग एक कप राहणार. त्याला तो कप दिसला. पालथा, ओट्यावर.

तो परत ड्रमपाशी येऊन बसला. सुन्न, कान पंपाकडं. असंच एकदा सुन्न व्हायला झालं होतं. तेव्हा तो एका रोलिंग मिलच्या भंगार यार्डात क्रेनवर होता, क्रेनला बैलाच्या घाण्याएवढा लोहचुंबक. खालून भंगार उचलायचं आणि भट्टीच्या तोंडाशी नेऊन सोडायचं, बटण दाबलं की पकड, सोडलं की मोकळं. वरच्या काचेच्या पिंजऱ्यात बसलं की खालची माणसं उडदाएवढी. एका दिवशी पकड भरलेली, क्रेन अर्ध्या वाटेत, आणि करंट गेला. आवाज आधी गेला, हे त्याला अजून आठवतं. सगळ्या मिलचा आवाज एकदम बंद, आणि त्या गप्पपणात चुंबकाला लटकलेलं सगळं लोखंड क्षणभर तसंच होतं, निदान त्याला तसं वाटलं होतं, की अजून धरून आहे, सवयीनं धरून आहे. मग पडलं. खाली कुंभार पिंपळगावचा कडूबा होता. तो नेमका पाणी प्यायला बाजूला झाला होता, तांब्या तोंडाला लावलेला. त्याच्या पाठीमागं सगळं कोसळलं आणि तो तांब्या तसाच धरून उभा. संपत पिंजऱ्यातून उतरला. दिवसभर त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही. संध्याकाळी सगळे चहाला बसले, आणि अचानक आपलाच आवाज त्याला ऐकू आला, "कुणाला खरं वाटणार न्हाई, लावा पैज. लोखंड पडलंच न्हाई. कडूबानं ते एका हातानं धरलं, दुसऱ्या हातानं पाणी पेला, आन् मंग आस्ते खाली ठिवलं." आधी कुणी हसेना. मग कडूबाच हसला. हसता हसता रडला. ती संपतची पहिली गोष्ट. त्याच्या आधी तो साधा, कमी बोलणारा माणूस होता, हे आता चांगुणाबाई सोडून कुणाला माहीत नव्हतं. आणि चांगुणाबाईला अजून माहीत आहे की नाही हे विचारायची त्याची हिंमत नव्हती.

करंट गेला की सुटतं. हे तेव्हापासून त्याच्या मनात कुठंतरी रुतून बसलं होतं. म्हणून प्रीतीनं पहिल्यांदा ते नखाएवढं चुंबक त्याच्या तळहातावर ठेवलं, तेव्हा तो हरखून गेला होता. त्याला वायर नव्हती, बटण नव्हतं. कपाटाच्या पत्र्याला लावलं तर काढायला नख मोडायची पाळी. "ह्याला करंट?" त्यानं विचारलं होतं. "लागत नाही आबा. धरलं की धरलं. त्या जांभळ्या पुडीची करामत." त्यानं ते चुंबक चांगुणाबाईला नेऊन दाखवलं होतं, आणि तिनं ते कपाळावर कुंकवासारखं टेकवून बघितलं आणि हसली होती. तसलं काहीतरी माणसाच्या डोक्यात बसवता आलं असतं तर, असा वेडा विचार त्याला तेव्हा आला होता. आत्ता पुन्हा आला. तिच्या डोक्यातला करंट जातो, येतो, जातो. मधल्या वेळात सगळं तसंच हवेत लटकलेलं असतं, सवयीनं. लोणच्याला वास यायला लागला तर हळद-मीठ घालायचं, फडकं बांधायचं, वारा लागू द्यायचा नाही. हे तिच्या हातांना पाठ होतं. हात चुकले नव्हते. हातांनी नासणारी वस्तू वाचवली होती. वाचवता वाचवता मारली होती.

बाहेर गाडीचा दरवाजा वाजला.

प्रीती पुढं होती. तिला सांगावं लागलंच नाही; ती आत आली, नाक वर केलं, आणि चालता चालता थांबली. मग ड्रमपाशी गेली, आत बघितलं, काठावरचा मिठाचा खडा बोटानं काढून हातात धरून राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, आणि तेच संपतला बघवेना. मागून सोमेश्वर, आणि पुण्याच्या मॅडम, पांढरे केस, खांद्याला झोळी.

"आबा," प्रीती म्हणाली. आवाज अगदी हळू. "काय झालं हे?"

संपतच्या गोष्टींचा एक नियम होता. गोष्ट कितीही हवेत जावो, तिच्यात एक खिळा खरा ठोकायचा, म्हणजे ती उडून जात नाही. त्यानं खिळा शोधला. खिशात होता.

"कुणाला खरं वाटणार न्हाई," तो म्हणाला.

"आबा, आज नको."

"लावा पैज. वानर." त्यानं वरच्या झरोक्याकडं बोट केलं. "मोसंबीच्या वासानं येतंय ते रोज. परवा आलं तर मांडी फाटलेली, तारांच्या कुंपणात अडकलं असंल. मला दया आली. म्या त्याच्या जखमेत हळद भरली, मीठ लावलं, फडकं बांधलं." त्यानं खिशातून ते पिवळं पडलेलं फडकं ओढून काढलं आणि सगळ्यांसमोर धरलं. गोष्टीला ते शोभून दिसलं. "हे बघा. काल किल्ली म्या कुलपाला ठिवली, ती माझी चूक. सांजच्याला शिरलं आत, रस पेलं, चढली त्याला. आन् घेतली ड्रमात उडी. आंघोळच केली म्हणा ना."

सोमेश्वर हसला. "वानर होतं का नवरदेव, बाबा? आख्खा ड्रम पिवळा झाला."

"मोठं हुतं," संपत म्हणाला. "ढाण्या."

"मंग नवरी कुठं बसवली तुम्ही?"

मॅडमनाही हसू आलं, त्यांनी ते झोळीत काहीतरी शोधायच्या निमित्तानं लपवलं. संपतला आशा वाटली. हसणारा माणूस पुढचं विचारत नाही, हे तो जन्मभर बघत आला होता. राग त्याच्यावर निघेल. किल्ली त्यानं ठेवली, वानर त्याचं, चौकीदारी गेली तर त्याची जाईल. खोली सुटली तर दोघं मिळून दुसरी बघतील. दोघं मिळून. पण प्रीती हसत नव्हती. ती फडक्याकडं बघत होती, मग त्याच्या तोंडाकडं, आणि तिच्या डोळ्यांत त्याला राजानंदची बुटाची नाडी दिसली. तिनं ओळखलं होतं. ती बोलणार होती की नाही, हे तिच्या ओठांवर अजून ठरत होतं.

तेवढ्यात मागच्या दारातून चांगुणाबाई आली. हातात ताट, ताटात कप. तिनं ताट टेबलावर ठेवलं, पदरानं हात पुसले, आणि सगळे ज्याकडं बघत होते त्या फडक्याकडं तीही बघत राहिली. कपांतून वाफ वर येत होती.

"खोटं हाय," ती म्हणाली.

संपतनं फडकं मुठीत आवळलं.

"चांगुणे, तू आत जा—"

"न्हाई जात. ह्यांच्या समद्या गोष्टी मला पाठ हायेत," ती मॅडमना म्हणाली, जणू त्यांनीच विचारलं होतं. "कडूबाची, मगरीची, माझ्या बहिणीची. वानराची न्हाई त्यात. ही आत्ता बनवली." मग ती प्रीतीकडं वळली, आणि नाव बरोबर घेतलं. "प्रीती, हळद म्या टाकली, पोरी. मीठबी. उबट वास येऊन राह्यला हुता, नासंल म्हणून टाकली. सकाळी ह्यांनी इचारलं तवा ध्यानात आलं न्हाई बिलकुल. फडकं बघितलं आन् आलं."

प्रीतीच्या हातातला मिठाचा खडा खाली पडला. सोमेश्वर हसायचा थांबला होता. चांगुणाबाईनं संपतपुढं हात धरला, बोटं अजून पिवळी, आणि तो हात तिथंच ठेवला, त्यानं मूठ उघडेपर्यंत.

"द्या माझं फडकं," ती म्हणाली. "आन् मी मेल्यावाणी का बोलून राह्यले तुम्ही? मी हाये ना अजून. मला इचारायचं."